ताण धरणारा अंगठा

रोज सकाळी कामाला बसताना आत्या आधी डावा पाय पुढे पसरायची. बुटक्या स्टुलावर बसून भिजलेल्या वेताच्या पट्टीचा एक फेरा पायाच्या अंगठ्याला घालायची, दुसरं टोक हातात धरून ओढायची आणि ताणलेल्या पट्टीवर एकच टिचकी मारायची. जो आवाज निघे त्यावरून वेत किती भिजलाय ते तिला कळे. "अजून पंधरा मिनिटं," म्हणून ती पट्टी पुन्हा पाण्यात सोडायची, नाहीतर काहीच न बोलता कामाला लागायची. एखाद्याने उठल्यावर चष्मा पुसावा, तसं ते सहज होतं.

खुर्च्यांच्या बैठका विणणं हे तिचं काम. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, जुन्या फर्निचरला पॉलिश करायचे. दुकान एकच, दोन खोल्यांचं, घर त्याला लागूनच. पुढच्या खोलीत काकांचे डबे, चिंध्या आणि स्पिरिटचा वास. मागच्या खोलीत आत्याची पाण्याची परात आणि वेताची भेंडोळी. खुर्ची पुढे पॉलिश होऊन वाळली की मागे विणायला यायची. दोघांची भांडणं मधल्या दारातून चालायची आणि गिऱ्हाईक आलं की तिथेच थांबायची.

वेताची जाळी विणताना दोन्ही हात गुंतलेले असतात. एक हात चौकटीच्या भोकातून पट्टी खाली ढकलतो, दुसरा ती खालून ओढून घेतो. मग आधीच्या पट्टीचा ताण धरायचा कुणी? बहुतेक कारागीर त्यासाठी भोकात लाकडी खुंटी ठोकतात. आत्याच्या वडिलांनी मात्र तिला अंगठ्याने ताण धरायला शिकवलं होतं. पहिली दोन वर्षं तिचा अंगठा रक्ताळायचा. वडील म्हणायचे, "दुखायचं थांबलं की समज, काम अंगी लागलं." ते थांबलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि त्या दिवशी तिने घरभर नाचून दाखवलं होतं म्हणे.

म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी जेव्हा अंगठ्याला वेत लागतोय की नाही हेच कळेनासं झालं, तेव्हा तिला वाटलं, ही पुढची पायरी. गिऱ्हाइकांना ती कौतुकाने पाय दाखवायची. "बघा, सुई टोचली तरी पत्ता लागायचा नाही. कमावलेला अंगठा आहे." साखरेचा आजार तिला नऊ वर्षांपासून होता. गोळ्या ती घ्यायची, म्हणजे आठवण झाली की घ्यायची. आधी तळपायांची आग व्हायची, ती आपोआप थांबली, याचाही तिला आनंदच झाला होता.

असं होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा वाचनालयाच्या अठरा खुर्च्या आल्या. बारा विणून झाल्या. तेराव्या खुर्चीच्या पांढऱ्या जाळीवर एका दुपारी पिवळट डाग दिसला.

"अहो, पॉलिश ओलं असताना खुर्ची मागे पाठवलीत," आत्या म्हणाली.

"माझं पॉलिश असा डाग पाडत नाही. चहा सांडला असशील."

"चहा मांडीवर घेऊन विणते का मी?"

"मला काय ठाऊक! मागच्या खोलीत माझं काही चालत नाही."

"आणि पुढच्या खोलीत चालतं वाटतं!"

काका खुर्चीवर वाकले. आयुष्यभर लाख, मेण आणि स्पिरिट हुंगलेलं त्यांचं नाक. त्यांनी डाग हुंगला. मग खाली बसून त्यांनी आत्याचं डावं पाऊल हातात घेतलं. ती पाय मागे ओढू लागली, तर त्यांनी घट्ट धरला. अंगठ्याच्या खालच्या बाजूला, जिथे पट्टीचा फेरा बसायचा, तिथे एक खोल चीर होती आणि आत पांढुरकं काहीतरी दिसत होतं. टोक काळं पडलं होतं, पाण्यात राहिलेल्या लाकडासारखं.

"दुखत नाही?"

"नाही ना. म्हणून तर म्हणते, काही झालेलं नाही."

काकांनी त्या दिवशी दुपारी तीन वाजता दुकान बंद केलं. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

इस्पितळातल्या सर्जन बाई वयाने तरुण आणि बोलण्यात सावकाश होत्या. त्यांनी आत्याला डोळे मिटायला सांगितलं. "मी एक बारीक दोरा पायाला टेकवणार आहे. कळलं की 'हो' म्हणा."

आत्या डोळे मिटून बसली. बराच वेळ गेला. "करा की सुरू," ती म्हणाली.

"सात ठिकाणी लावून झालं," बाई म्हणाल्या.

आत्याने डोळे उघडून आधी दोऱ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "म्हणजे हा कमावलेला नाही?"

"नाही. साखरेने नसा बधिर झाल्यात. रोज पाण्यात भिजलेल्या कातडीवर रोज तीच पट्टी. ती कापत गेली, आणि सांगणारी नसच गप्प होती."

मग पावलावरचे ठोके यंत्राने ऐकले. रक्त पावलापर्यंत पोचत होतं, ही चांगली गोष्ट. ते पोचत नसेल तर आधी रक्तवाहिनीचा इलाज करावा लागतो, नाहीतर कापलेली जागा भरत नाही. एक्स-रे मात्र वाईट होता. अंगठ्याच्या टोकाचं हाड पोखरलं होतं.

"औषधाने जमेल?" काकांनी विचारलं.

"टोक मेलेलं आहे, ते परत जिवंत होत नाही. आणि जंतू हाडात गेलेत. आता काढला तर एक अंगठा जाईल. आठ दिवस थांबलो तर काय काय जाईल, ते मी आज सांगू शकत नाही."

"मला विणता येईल का?" आत्याने विचारलं.

"काय, स्वेटर?"

काकांना तशातही हसू आलं. "अहो, ती पायाने विणते." त्यांनी खुर्चीची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"जखम पूर्ण भरली, तर बसून करायचं काम तुम्ही करू शकाल. ती भरली नाही, तर मात्र आपण पायाबद्दलच बोलत असू. त्यामुळे जखम भरणं हेच आता तुमचं काम." मग त्यांनी विचारलं, "तंबाखू? सिगारेट?"

"मी नाही."

"घरात कुणी?"

काका खिडकीबाहेर पाहू लागले.

"त्या धुराने यांची जखम भरायलाही वेळ लागतो."

काकांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"ते माझ्या टेबलावर कशाला?" बाई म्हणाल्या, आणि खोलीतला ताण थोडा सैल झाला.

दोन दिवस शिरेतून औषधं गेली. साखर दिवसातून चार वेळा तपासली जाई आणि इन्सुलिनने खाली आणली जाई. साखर चढलेली असली की टाके धरत नाहीत, हे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने समजावून सांगितलं. चाळिशीची, ठसठशीत आवाजाची बाई होती. पुढे आत्याचं तिच्याशी फार जमलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्याने तिला विचारलं, "काढलेला अंगठा मला द्याल?"

"तो तपासणीला जातो. हाडाच्या कडेला जंतू उरलेत का ते बघतात. नंतर नियमाप्रमाणे विल्हेवाट लागते. कशाला हवाय?"

"कशाला नाही. एवढी वर्षं कामाला होता, म्हणून विचारलं."

संध्याकाळी ती पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती. अंगठ्याच्या बाजूला चाळीस वर्षांच्या पट्ट्यांनी एक गुळगुळीत खाच पडली होती. त्या खाचेवरून ती बोट फिरवत राहिली. बोटाला खाच कळत होती, खाचेला बोट कळत नव्हतं.

ऑपरेशनसाठी पूर्ण भूल द्यावी लागली नाही. घोट्याभोवती इंजेक्शनं देऊन पाऊल बधिर केलं, गुंगीचं थोडं औषध दिलं आणि मध्ये पडदा लावला. पडद्याअलीकडून आत्याचा आवाज आला, "करवत धारदार आहे तुमची."

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"दुकानात जन्म गेला बाई. बोथट असती तर सांगितलं असतं."

पाऊण तासात सगळं उरकलं.

पाय दोन उशांवर, छातीहून उंच. खाली सोडला की सूज चढते आणि सूज टाक्यांना ओढते. तिसऱ्या दिवशी पट्टी उघडताना सिस्टर म्हणाली, "बघा."

"तुम्ही बघा. मी कशाला?"

"घरी रोज कोण बघणार? मी येणारेय का तुमच्या दुकानात? बघा म्हणते."

आत्याने मान फिरवली, मग हळूच परत आणली. जिथे अंगठा होता तिथे एक तिरकी शिवण होती, आणि उरलेली चार बोटं एकमेकांना चिकटून बसली होती. तिने टाके डोळ्यांनी मोजले. "टाके सारख्या अंतरावर आहेत," ती शेवटी म्हणाली. "हात चांगला आहे तुमच्या बाईंचा."

चौथ्या दिवशी तिने सिस्टरला जवळ बोलावलं आणि कुणी ऐकत नाही ना हे पाहून सांगितलं, "तो खाजतोय."

"कोण?"

"जो नाहीये तो."

सिस्टर हसली नाही. "खूप जणांचं होतं असं. हळूहळू कमी होतं. फार दुखलं तर सांगा, त्यावर औषध आहे."

"दुखत नाही. पण जिवंत होता तेव्हा दोन वर्षं तोंड मिटून होता, आणि आता गेल्यावर बोलतोय. नवऱ्यासारखा उलटा."

घरी येताना एक विचित्र बूट मिळाला. त्याला टाचेखालीच तळ होता, पुढचा भाग अधांतरी, म्हणजे चालताना सगळा भार टाचेवर पडावा. चालायचंही फक्त मोरीपर्यंत. पट्टी कोरडी ठेवायची. आंघोळीला पाय पिशवीत बांधून बाहेर काढायचा. लाली, सूज, गरमपणा, पू, वास, ताप, यातलं एक जरी दिसलं तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. काकांनी हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून मधल्या दारावर चिकटवलं. वास ओळखायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि सकाळ-संध्याकाळ पट्टीजवळ नाक नेऊन ते हुंगत.

"त्यापेक्षा कुत्रा पाळला असता," आत्या म्हणायची.

"कुत्र्याने तुझं ऐकलं असतं का इतकं?"

पंधरा दिवस बरे गेले. मग काका एका दुपारी बाजारातून यंत्रावर विणलेली वेताची तयार जाळी घेऊन आले. गुंडाळी उलगडायची, कापून चौकटीच्या खाचेत ठोकून बसवायची, की झालं. वाचनालयाच्या सहा खुर्च्या राहिल्या होत्या.

"हे काय आणलंत?"

"लोक बसायला खुर्ची मागतात. जाळी कुणी विणली ते विचारत नाहीत."

"त्या चौकटींना भोकं आहेत, अहो. भोकांत काय बटणं लावणार?"

"मग काय, तू बरी होईपर्यंत वाचकांना उभं ठेवू?"

आत्या काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की काकांनी घाबरायला हवं होतं, पण ते दमले होते.

दुसऱ्या दिवशी काका एक टेबल पोचवायला गेले. आत्या टाचेवर चालत मागच्या खोलीत आली, स्टुलावर बसली, पाय पुढे केला. अंगठा नसला म्हणून काय झालं, शेजारचं बोट होतं. पट्टीचा फेरा तिने त्या बोटाला घातला आणि ओढला. चौकटीवर उभ्या सात ओळी झाल्या. हात काही विसरले नव्हते, आणि ती खुशीत होती. आठव्या ओळीला खाली पाहिलं तर पायावरची मलमपट्टी लाल झाली होती.

तिने हातातला वेत ठेवला. जमिनीवर सांडलेलं पाणी पुसून टाकता आलं असतं, रक्ताळलेल्या पट्टीवर दुसरी पट्टी बांधता आली असती, आणि काकांना कळायला निदान संध्याकाळ झाली असती. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, तिने नंतर आपणहून सांगितलं. पाय खुर्चीवर उंच ठेवून ती तशीच बसून राहिली. काका दारात दिसताच म्हणाली, "अहो, दुकान उघडूच नका आता. माझ्याकडून चूक झालीय."

दोन टाके उसवले होते आणि कड लाल झाली होती. पू नव्हता. सर्जन बाई रागावल्या नाहीत, याचंच आत्याला जास्त लागलं. जखम धुऊन त्यांनी तेवढा भाग मुद्दाम उघडा ठेवला, म्हणजे तो आतून भरत वर यावा.

"किती दिवस?"

"आणखी पाच-सहा आठवडे. यातही पाण्याचा थेंब लागला किंवा भार पडला, तर आपण पावलाच्या हाडाबद्दल बोलू." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला दुखलं नाही, म्हणून तुम्ही थांबला नाहीत. आता दुखेल आणि मग थांबेन, असं होणार नाही. घड्याळ बघून थांबायचं, डोळ्यांनी बघून थांबायचं."

परत येताना काका म्हणाले, "ती गुंडाळी मी परत देतो."

ते वाचनालयात गेले. ग्रंथपाल म्हणाले, घाई कुणाला आहे, लोक बाकांवर बसतात, वाचणाऱ्याला खाली काय आहे ते कळतही नाही. काकांनी हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाली, "कळत कसं नाही? मला तर वाटतं ग्रंथपालांच्याही नसा तपासायला हव्यात."

त्या सहा आठवड्यांत काकांनी एका मोडक्या खुर्चीचा पाय कापून एक जाडसर खुंटी केली, ती फळीवर बसवली आणि फळी तिच्या स्टुलापुढे ठोकली. अंगठ्याच्या उंचीची, अंगठ्याच्या कोनात. तिला पॉलिशसुद्धा केलं.

"हे काय?"

"तुझा माणूस. ताण धरायला."

"ढिम्म आहे नुसता. याला काय कळणार वेत?"

"त्याला तरी कुठे कळत होता?" काका सहज म्हणाले. "दोन वर्षं."

आत्या थबकली. त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण ते वाक्य तिला सोडेना. दोन वर्षं अंगठा गप्प होता, आणि त्या दोन वर्षांत तिने किती बैठका विणल्या होत्या. एकही सैल म्हणून परत आली नव्हती. ताण मग जोखत कोण होतं? तिने डोळे मिटून हातात नसलेली पट्टी ओढून पाहिली. बोटांना, मनगटाला, कानाला सगळं ठाऊक होतं. ती कधीपासून अंगठ्याशिवायच विणत होती, फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नवव्या आठवड्यात जखम पूर्ण मिटली. कातडी गुलाबी आणि पातळ होती, जपायची होती. नवा बूट आला, आत अंगठ्याच्या जागी मऊ भरण असलेला, नाहीतर पाऊल आत सरकतं आणि शेजारच्या बोटांना नव्या जखमा होतात. पहिले काही दिवस ती नावेत उभी असल्यासारखी चालायची. पुढे ढकलणारं बोटच नव्हतं, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी ती क्षणभर विचार करायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने भिंतीला धरून तोल साधायला शिकवलं. महिन्याभरात तिचं चालणं जमलं, जरा संथ झालं इतकंच.

मग ती विणायला बसली. पायात बूट, पाय कोरडे, वेत परातीतच. खुंटीला फेरा घातला आणि पहिली खुर्ची दोन दिवसांत पुरी केली. तिसऱ्या दिवशी वेत वाळून आवळला आणि कडेच्या चार पट्ट्या तडतड तुटल्या. अंगठा बधिर असला तरी मांसाचा होता, जरासा दबायचा. लाकूड दबत नाही.

"बघा तुमचा माणूस!"

काकांनी सायकलची जुनी ट्यूब कापली आणि खुंटीला दोन वेढे दिले. ते तिसरा देत होते, तर आत्या म्हणाली, "पुरे. मी एवढी मऊ कधीच नव्हते." वाचनालयाच्या सहाही खुर्च्या हातविणीच्याच गेल्या.

त्यानंतर ती आठ वर्षं विणत होती. रोज सकाळी गोळी घ्यायची, मग आरशाचा तुकडा जमिनीवर ठेवून दोन्ही तळपाय पाहायची, उजवा जास्त निरखून, कारण सर्जन बाईंनी सांगितलं होतं की एका पायाला झालं की दुसऱ्याची पाळी यायला वेळ लागत नाही. बूट घालण्याआधी उलटा करून झटकायची. अनवाणी ती मोरीतही गेली नाही. गिऱ्हाइकांमध्ये कुणाला साखर आहे असं कळलं की खुर्चीचं बोलणं बाजूला राहायचं. "डोळे मिटा," ती म्हणायची, आणि वेताची मऊ काडी त्यांच्या तळव्याला टेकवायची. गल्लीच्या टोकाचे शिंपी असेच डोळे मिटून शांत बसून राहिले होते. तिने त्यांना बैठकीचं माप देऊ दिलं नाही, आधी इस्पितळात पाठवलं. त्यांची सगळी बोटं शाबूत राहिली, हे ती जवळजवळ स्वतःच्या नावावर धरायची.

ती गेली ती हृदयाने, एका दुपारी, स्टुलावर बसल्या बसल्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही इतकी हळू. दोन्ही पावलांवर एकही जखम नव्हती. समोर एका डुलत्या खुर्चीची बैठक होती, उभ्या ओळी पूर्ण झालेल्या, आडव्या अर्ध्यावर. भेटायला आलेले सगळे काकांना विचारत राहिले, शेवटचं काही बोलल्या का. काकांनी प्रत्येकाला तेच सांगितलं. ते पुढे खरवडकाम करत होते, आतून हाक आली:

"अहो, तो पंखा बंद करा, वेत वाळतोय."